मामंजींचा वाघ

आमच्या बनात वाघ कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या गावात अजून दोन-चार म्हातारे असे आहेत की त्या वाघाचा पंजा आपण डोळ्यांनी पाहिला म्हणून शपथ घेतात. घ्या म्हणावं खुशाल. मी त्या घरची सून होते. वाघ कुठून आला आणि कसा गेला, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

लग्न होऊन मी सोलापूरच्या उत्तरेला आले ती अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावातून. माहेरी सगळं कानडी, सासरी सगळं मराठी. देव दोन्हीकडचा एकच, ज्वारीची भाकरीही एकच, पण बोलायला तोंड उघडलं की मी परकी. मराठी मला शाळेतलं येत होतं. ते ऐकून सासरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मी चिडायची. चिडणं मला दोन्ही भाषांत चांगलं जमायचं.

आमचं घर गावात नव्हतं. गावापासून लांब, ओढ्याच्या काठाला मळ्यात होतं. मातीच्या धाब्याचं घर, पुढं ओटा, मागं गोठा, आणि गोठ्याच्या मागून सुरू व्हायचं ते आमचं बन. जास्त करून चिंचा. अधूनमधून लिंब, बाभळी, बोरी, आणि ओढ्याच्या अंगाला चार पळस. आमच्या मुलखात चार झाडं एकत्र दिसली तर माणसं तिथं शिदोरी सोडून बसतात, आणि इथं तर भर दुपारी ऊन जमिनीला लागत नव्हतं. मला ते बन पहिल्या दिवसापासून आवडलं. घरातलं मात्र काहीच आवडलं नव्हतं.

हे सोलापुरात गिरणीत कारकून होते. मधून मधून यायचे, जेवायचे, झोपायचे आणि परत जायचे. त्यामुळे माझा संसार म्हणायचा तो सासूसासऱ्यांशीच चालला होता. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे आणि सासऱ्यांना मामंजी. घरात आत्याबाई बोलायच्या त्या चुका काढण्यापुरत्या. भाकरी जाड झाली. सारवण पातळ झालं. मीठ कुठं गेलं? ओट्यावरून मामंजी नुसते खाकरले की आत्याबाईंचा पदर कपाळावरून नाकापर्यंत यायचा आणि माझा हनुवटीपर्यंत. मग आम्ही दोघी एकमेकींची पावलं बघून घरात वावरायचो. दोनदा आमची टक्कर झाली. दोन्ही वेळा चूक माझी ठरली.

माघ लागला की मळ्यात कामांना अंत नसतो. ज्वारी उपटायला आलेली असते. खळं चोपून सारवून ठेवायचं असतं. उन्हं तापायच्या आत शेण्या थापून, वाळवून रचायच्या असतात. कुंपणाच्या काट्या वाळून बसलेल्या असतात, तिथं बोरीच्या नव्या फांद्या कोंबायच्या असतात. आणि या सगळ्यात भर म्हणून लिंब पाला गाळतो. अंगण झाडून मी पाठ वळवली की मागं पुन्हा तेवढाच पाला. मी त्या लिंबाशी कानडीत भांडायची. तो बिचारा उलट उत्तर देत नसे, म्हणून त्याच्याशी माझं बरं चाललं होतं.

सकाळी आत्याबाई बनात सरपणाला जायच्या. पहिल्यांदा मला बरोबर नेलं, तेव्हा मी मान खाली घालून त्यांच्या टाचांमागून चालले होते. बनात शिरलो, घर झाडांआड गेलं, आणि कुणीतरी शीळ घातली. खणखणीत, दोन बोटं तोंडात घालून घालतात तशी. मला वाटलं, कुणी टवाळ माणूस झाडावर बसलाय. मी घाबरून पदर वर केला. बघते तर आत्याबाई! पदर खांद्यावर, साडीचा ओचा वर खोचलेला, दोन बोटं तोंडात. पलीकडच्या झुडपातून तित्तरानं ओरडून उत्तर दिलं. आत्याबाईंनी परत शीळ घातली, त्यानं परत उत्तर दिलं.

"रोज बोलतंय माज्यासंगं," त्या म्हणाल्या. "तू बगत काय बसलीस? आता हितं कोन हाय?"

तेव्हापासून मला दोन सासवा झाल्या. घरातली सासू घरातच राहायची आणि बनात ही दुसरी यायची. ही दुसरी बाभळीचा डिंक खरवडून निम्मा माझ्या तोंडात घालायची. ससा कुठं बसतो, घोरपड कुठल्या ढोलीत शिरते, होल्यानं यंदा काड्या कुठं मांडल्यात, सगळं दाखवायची. चिंचेच्या आडव्या फांदीवर पाय सोडून बसायची आणि लहानपणी आपण विहिरीत उडी कशी मारली ते सांगायची. मला म्हणायची, तुझ्या गावाकडचं एखादं गाणं म्हण. मी म्हणायची. तिला एक अक्षर कळायचं नाही, पण मान डोलवायची. मोळ्या बांधून झाल्या की आम्ही डोईवर घेऊन परत निघायचो. गोठ्याचा कोपरा दिसला की आत्याबाईंचा पदर पुढं यायचा, ओठ मिटायचे, आणि दारात पाय ठेवता ठेवता त्या म्हणायच्या, "मोळी नीट बांदता येत न्हाय अजून."

मला त्याचं काही वाटेनासं झालं. सकाळचा तेवढा फेरा मिळाला की उरलेला दिवस मी काढत होते. खरं सांगायचं तर तो फेरा नसता तर मी माहेरी पळून गेले असते. रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेनं चालत कसं जायचं, तेही मनात ठरलेलं होतं.

आता मामंजींविषयी. मामंजी भले होते. त्यांना एकच रोग होता: आपल्याला कानडी येतं असा त्यांचा समज होता. तरुणपणी ते बैलबाजारासाठी विजापूरकडं चार-दोनदा गेले होते आणि येताना कानडी घेऊन आले. गावात दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या कानडीला कुणाची आडकाठी नव्हती. कानडी मेंढपाळ आला, बोलवा मामंजींना. कानडी जंगम आला, बोलवा मामंजींना. मामंजी फेटा सारखा करून जायचे, मोठ्यानं बोलायचे, आणि समोरचा माणूस चकित होऊन गप्प बसायचा. गावाला वाटायचं, बघा, कसा निरुत्तर केला.

त्यांच्या कानडीचा एक नियम होता. कानडी म्हणजे ळ ळ ळ करायचं, असं त्यांनी बाजारात ऐकून ठरवून टाकलेलं होतं. म्हणून जिथं जिथं ल येईल तिथं ते ठोकून ळ म्हणायचे. आमच्या लग्नात पंगतीला ते दूध मागायला लागले. दुधाला आमच्यात हालु म्हणतात. मामंजी भर पंगतीत माझ्या मावशीला म्हणाले, "हाळु बेकु! हाळु!" हाळु म्हणजे वाटोळं. नवऱ्या मुलाचा बाप पंगतीत बसून वाटोळं मागतोय, हे बघून मावशीच्या हातातलं भांडं खाली पडलं. सुदैवानं त्यात दूधच होतं, तेव्हा काय हवंय ते कळलं.

हे मी सासरी कुणाला सांगितलं नाही. सून सासऱ्याशी बोलत नव्हती तो काळ. सासरा घरात आला की तिनं दाराआड व्हायचं. तिथं त्याच्या ळ ची चूक कोण काढणार?

आमच्या चिंचा घ्यायला दरसाल सोलापूरहून एक बागवान यायचा. तो त्याच्या दख्खनी उर्दूत बोलायचा, मामंजी मराठीत बोलायचे, आणि सगळं नीट पार पडायचं. त्या साली तो आजारी पडला आणि त्याच्या ओळखीनं अक्कलकोटकडचा एक कानडी व्यापारी आला. कानडी व्यापारी येणार म्हणून मामंजींनी सकाळपासून नवा फेटा बांधला होता.

व्यापारी ठेंगणा, गोल पोटाचा, कपाळावर विभूतीचे पट्टे. मामंजींनी त्याला सगळं बन फिरवलं. ओढ्याकाठच्या मोठ्या झाडाच्या चिंचा त्यानं उपरण्यात बांधून ओट्यावर आणल्या. मी दाराआड सूप घेऊन ज्वारी पाखडत होते, फटीतून सगळं दिसत होतं. त्यानं एक चिंच फोडली आणि तोंडात टाकली. त्याचे डोळे मिटले. खांदे कानाला जाऊन लागले. सगळं अंग शहारलं. तोंडातलं थुंकून, बनाकडं बोट करून तो ओरडला, "अय्यय्यो! भाळ हुळी ऐत्री!"

खूप आंबट आहे, असं म्हणाला तो. चिंचेच्या व्यापाऱ्याला याहून मोठा आनंद नाही. मंगळवारी गाड्या आणि माणसं घेऊन झोडायला येतो, असंही म्हणाला. पण त्याला सोलापूरकडची रेल्वे गाठायची होती, म्हणून बोलता बोलताच तो धोतर सावरत ओट्यावरून उतरला आणि पळत सुटला.

मामंजी त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिले. मग शेजारी उभ्या असलेल्या गड्याला म्हणाले, "आयकलंस का? भाळ हुळी. लई वाघ हाईत म्हनतोय बनात. कसा कापत हुता, बगितलंस न्हवं? पळाला!"

आमच्या भाषेत हुली म्हणजे वाघ आणि हुळी म्हणजे आंबट. मामंजींच्या कानडीत ल नव्हताच, तेव्हा वाघाला त्यांच्याकडं हुळी होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मला हसू आवरेना. मी सूप तिथंच टाकून चुलीपाशी पळाले आणि आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाईंना आधी कळलंच नाही. मी चिंच खाल्ल्यासारखं तोंड करून दाखवलं, मग वाघासारखं करून दाखवलं. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. घरात त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चुलीवरची भाकरी करपली आणि चूक कुणाचीच ठरली नाही.

पण बाहेरून मामंजींचा आवाज आला. "आजपास्नं बनात कुनी पाय ठिवायचा न्हाय. बायकांनी तर न्हाईच न्हाई. आयकलं का गं?"

आत्याबाईंच्या तोंडातला बोळा तसाच राहिला.

"त्यांना सांगा ना तुम्ही," मी म्हटलं.

"काय सांगू? तुमाला कानडी येत न्हाय म्हनून?" आत्याबाई कुजबुजल्या. "अगं, तीस वरीस बोलत्यात ते. गावात दुसरं काय हाय त्यांच्यापाशी? जमीन समद्यांचीच हाय. कानडी त्यांचं एकट्याचं."

मला ते पटलं. राग मात्र आला, दोघांचाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर वाघाची मंडळी जमायला लागली. काठ्या, कुऱ्हाडी, एकाची गंजलेली तलवार. बनात जायला कुणी तयार नव्हतं, पण बनाकडं बघत बसायला सगळे तयार होते. बघता बघता पुरावे जमले. धनगराचं एक कोकरू हरवलं होतं ते वाघानं नेलं. ते संध्याकाळी सापडलं, तेव्हा वाघानं ते सोडून दिलं असं ठरलं. ओढ्याच्या चिखलात पंजा उमटला होता. तो आमच्या कुत्र्याचा होता. कुत्रं पंजाशेजारीच बसलं होतं, तरी त्याच्याकडं कुणी बघेना. एकानं डरकाळी ऐकली. त्याच वेळी मी जातं ओढत होते, हे मला कुणी विचारलं नाही.

मामंजी मधे बसून सांगायचे. रोज वाघ थोडा वाढायचा. आधी भाळ हुळी एवढंच होतं, मग त्यात पट्टे आले, मग पिल्लं आली. आणि या सगळ्या मंडळींना गुळाचा चहा करायचा कुणी? आम्ही. सरपण नाही म्हणून शेण्या जाळून. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि बाहेरून हुकूम, "आनि जरा च्या येऊ द्या!" त्या वाघाला मी कानडीत आणि मराठीत जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या त्या लिंबालाही दिल्या नव्हत्या.

चहाचं मी सोसलं असतं. पण बन बंद झालं आणि बनातल्या आत्याबाईही बंद झाल्या. घरातल्या तेवढ्या उरल्या, आणि त्याही दिवसेंदिवस कडू व्हायला लागल्या. माझी भाकरी पूर्वी नुसती जाड होती, ती आता जाड, कच्ची आणि वाकडी झाली. सकाळी सरपणाच्या वेळेला त्या उगाच गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत जायच्या, उभ्या राहायच्या आणि परत यायच्या. तित्तर ओरडलं की हातातलं काम थांबायचं. एकदा त्या मामंजींना पदराआडून म्हणाल्या, "म्या जाऊन येते. म्हातारीला कशाला खाईल वाघ?" मामंजी म्हणाले, "वाघाला काय ठावं तू म्हातारी हाईस? त्वांड झाकलेलं असतंय." मंडळी हसली. आत्याबाई आत आल्या आणि भिंतीकडं तोंड करून पीठ मळत बसल्या. कुणाला वाघ खातो, कुणाला नुसती वाघाची गोष्ट खाते. मला त्यांच्यासाठी रडू आलं, आणि मी शेणीच्या धुराकडं बोट दाखवून ते रडू लपवलं.

धाब्यावर मी मिरच्या वाळत घालायला चढले की तिथून बन दिसायचं. पळस फुलायला लागले होते. चिंचांवर पोपटांचे थवेच्या थवे उतरत होते, शेंगा कुरतडून खाली टाकत होते, आणि त्यांना हाकलायला बनात कुणी नव्हतं. वाघाचं भय काय ते आम्हा माणसांनाच.

मंगळवार जवळ आला तशी आत्याबाईंना दुसरीच काळजी लागली. तो व्यापारी आता माणसं घेऊन येणार. मामंजी गावादेखत त्याला वाघाचं विचारणार. तो खरं काय ते सांगणार. "गावाफुडं हसं हुईल गं त्यांचं," त्या म्हणाल्या. "परत कुनी बोलवायचं न्हाई त्यास्नी."

"मग बन नको का तुम्हाला?"

"बन पायजेच की." आत्याबाईंनी एक शेणी चुलीत सारली. "तूच बोल. तुला येतंय न्हवं?"

"मामंजींसमोर? मी?"

"दाराआडनं बोल. दाराला कुटं सासरा असतोय?"

मंगळवारी दोन गाड्या आल्या. लांब लांब काठ्या घेतलेली माणसं आली. ओट्यावर सगळं गाव. मामंजी उठून उभे राहिले, फेटा चाचपला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "हुळी यल्लि?" म्हणजे वाघ कुठाय?

व्यापाऱ्याला वाटलं, सर्वांत आंबट झाड कुठलं ते विचारतायत. तो सगळीकडं हात फिरवून कौतुकानं म्हणाला, "यल्ला गिडदागू हुळी ऐत्री!" सगळ्याच झाडांत आंबट आहे.

मामंजींनी गावाकडं वळून सांगितलं, "दर झाडावर येक!"

ओट्याच्या कडेला बसलेले दोघे आत सरकले. तलवारवाला तलवार पुढं धरून सर्वांच्या मागं गेला. व्यापारी गोंधळला. एवढी माणसं हत्यारं घेऊन का जमलीयत, हे त्याला समजेना. चिंचा नापसंत करून आपण परत जाऊ अशी या लोकांना भीती वाटतेय की काय, असं त्याला वाटलं असावं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "नमग हुळीन बेक्री!" आम्हाला आंबटच हवंय हो!

बेकु म्हणजे हवं, हे मामंजींना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "ह्यो वाघच पायजे म्हनतोय," ते हळूच म्हणाले.

"सर्कसवाला असंल," कुणीतरी मागून म्हणालं.

एवढ्यात गाडीवरचा एक माणूस पुढं आला. त्याला थोडं मराठी येत होतं. "काय वाघ वाघ करायलेत?" त्यानं गावाला विचारलं. "हुळी म्हंजे..."

आत्याबाईंनी माझ्या पाठीत जोरात बोट खुपसलं.

मी दाराआडून ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी कधी ओरडले नव्हते. आधी कानडीत व्यापाऱ्याला म्हणाले, की काका, तुमच्या माणसाला गप्प करा, या घरचे कर्ते हुळीला हुली समजून बसलेत आणि सगळं गाव बघतंय, मी तुमच्या मुलीसारखी आहे. मामंजींना माझ्या कानडीची सवय नव्हती, आणि मी इतक्या भरभर बोलले की त्यांना त्यातला एक ळ सुद्धा हाती लागला नसेल. मग मराठीत म्हणाले, "मामंजी, ते म्हणतात, बनातली हुळी आम्ही सगळी झोडून, गाडीत घालून घेऊन जातो. मागं एकही ठेवत नाही."

मी खोटं एक अक्षर बोलले नाही. फक्त एक शब्द आहे तसा ठेवला. ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत तो समजून घ्यावा.

व्यापारी हुशार होता. त्यानं मामंजींकडं पाहिलं, तलवारीकडं पाहिलं, आणि विभूतीच्या पट्ट्यांना शोभेल असा गंभीर चेहरा करून म्हणाला, "हौदु, हौदु." होय, होय. त्याचा माणूस तोंड फिरवून बैलाची पाठ थोपटायला लागला. बैल शांतच होता, त्या माणसाचे खांदे मात्र हलत होते.

मग माणसं झाडांवर चढली आणि काठ्या चालायला लागल्या. बनभर नुसता तडतड आवाज. चिंचांचा सडा पडला. गाव लांब उभं राहून वाघ कधी पडतो याची वाट बघत होतं. एकही पडला नाही. दिवस कलला, पोती भरली, शिवली, गाड्यांवर चढली. तेव्हा एकानं धीर करून विचारलं, "पोत्यात काय हाय?"

"चिच्चा," गडी म्हणाला.

"आन् वाघ?"

सगळ्यांनी मामंजींकडं पाहिलं. मीही दाराच्या फटीतून पाहिलं. पण मामंजी जराही गडबडले नाहीत. "एवढा दनका उडवल्यावर वाघ थांबतोय व्हय? फुडल्या अंगानं वड्यात उतरून गेली समदी. म्हनून तर ही मानसं बोलवावी लागली. वाघ झोडायची बी येक रीत असती."

हे उत्तर माझ्याही डोक्यात आलं नसतं. गाव समाधानानं घरी गेलं. जाता जाता कुणीतरी सुनेचंही कौतुक केलं. त्यावर मामंजी म्हणाले, "सूनबाईचं कानडी बरं हाय. पर जरा ळ कमी पडतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी विळा घेतला, मी दोर घेतला. चूल तशीच सोडून त्या निघाल्या, इतकी घाई झाली होती त्यांना. ओटा उतरून बघतो तर मामंजी काठी घेऊन उभे. "म्या बी येतो. येकादं मागं ऱ्हायलं आसंल तर?"

माझा जीव एवढासा झाला. एवढं सगळं करून शेवटी बन मिळालं ते असं.

मामंजी पुढं. झुडपांवर काठी आपटत, "हाऽ, हुर्र" करत. होले उडाले, साळुंक्या उडाल्या, ससा असलाच तर तोही गेला असणार. मागं आम्ही दोघी, पदर नाकापर्यंत. मला आत्याबाईंच्या फक्त टाचा दिसत होत्या आणि त्या टाचाही हिरमुसलेल्या वाटत होत्या. मामंजी मधूनच थांबून आम्हाला आमचं बन दाखवत होते. ही चिच्च. ही बाभळ. आत्याबाई पदराखालून, "व्हय जी," म्हणत होत्या. मला त्या माणसाचा इतका राग आला, की कालचं सगळं ओरडून सांगावं असं जिभेच्या टोकावर आलं होतं.

ओढ्याच्या वळणावर एक बोर आहे. हंगाम सरला तरी तिच्या शेंड्याला उशिराची बोरं असतात, लालभडक, सुरकुतलेली, साखरेसारखी. तिथं आत्याबाईंच्या टाचा थांबल्या. मामंजी पुढं गेले, काठी आपटतच. टाचा जागच्या हलेनात.

"अवो!"

हा आवाज बनातला होता. मी पदर वर केला. आत्याबाईंचा पदर खांद्यावर होता.

मामंजी वळले. आपल्यालाच हाक मारली का, म्हणून त्यांनी मागं कुणी आहे का ते पाहिलं.

"ती काठी टाका खाली. समदी पाखरं उडवली तुमी. हितं या आन् ही फांदी वढून धरा."

मला वाटलं, आता आकाश कोसळणार. मामंजींनी हातातल्या काठीकडं पाहिलं. मग त्यांनी काठी खाली ठेवली, चालत आले आणि दोन्ही हात वर करून काट्यांची ती फांदी ओढून धरली.

"आनि खाली. आनि. कवा फांदी धरली न्हाई व्हय जन्मात? हां." आत्याबाई बोरं तोडत होत्या, एक माझ्या हातावर, एक स्वतःच्या तोंडात. मधेच बी थुंकत होत्या. या बोरीवर मागल्या साली साप कसा निघाला ते सांगत होत्या. तेवढ्यात मामंजींचा नवा फेटा काट्यांत अडकला आणि वरच लोंबकळत राहिला. त्यांना हात सोडता येईना. आत्याबाई हसायला लागल्या. पदराचा बोळा नाही, काही नाही, पोट धरून.

मामंजी बोडक्या डोक्यानं, हात वर करून उभे होते. ते बायकोकडं बघत होते. नवी माणसं आली की त्यांच्याकडं बघावं तसे बघत होते.

"ही हितं रोज अशीच असती?" त्यांनी मला विचारलं. ते माझ्याशी थेट पहिल्यांदाच बोलले.

"होय, मामंजी."

त्यांनी पुन्हा बायकोकडं पाहिलं.

"मला कुनी सांगितलं न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांनी फांदी आणखी खाली ओढली.